जीव वाचला, पण हे पूर्वीचे वाटत नाहीत

प्रश्न: डॉक्टर, माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत. पाच महिन्यांपूर्वी पहाटे झोपेतच त्यांचं हृदय बंद पडलं. घशातली घरघर ऐकून मला जाग आली. फोनवरचा माणूस सांगत गेला तशी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांची छाती दाबत राहिले. शॉक दिल्यावर ठोके परत आले. मग व्हेंटिलेटर, स्टेंट, आयसीयू. शेवटी स्वतःच्या पायांनी चालत घरी आले. डॉक्टर म्हणतात, हृदय छान सावरलंय.

पण हे पूर्वीचे वाटत नाहीत. सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही, एकच प्रश्न तीनदा विचारतात. मागच्या आठवड्यात रक्त पातळ करण्याची गोळी दोनदा घेतली. हिशेबात यांचा हात कोणी धरत नसे, आता साधा तक्ता घेऊन तासन्‌तास बसतात. चार माणसं एकदम बोलायला लागली की उठून आत जातात. दुपारी झोपल्याशिवाय चालत नाही. लगेच चिडतात. काही बोलले की म्हणतात, ‘मला काहीही झालेलं नाही, तूच घाबरट झालीयेस.’ पुढच्या महिन्यापासून पूर्ण वेळ कामावर जायचं आणि गाडीही चालवायची, असं ठरवून बसलेत.

नातेवाईक म्हणतात, जीव वाचला ना, अजून काय हवं? त्यावर मला काही बोलताच येत नाही. हे वयामुळे होतंय, मनावर घेतलंय म्हणून, की मुद्दाम चाललंय? याची काही तपासणी असते का? उपचार असतात का, की आता उशीर झाला? मी अजूनही रात्री उठून यांचा श्वास चालू आहे ना ते बघते.

उत्तर:

ताई, तुमच्या सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर आधी देते. ते मुद्दाम करत नाहीत. विसरणं, कामाचा वेग मंदावणं, गोंगाट न सोसणं, लवकर थकणं, चटकन चिडणं आणि यातलं बरंचसं स्वतःला न जाणवणं, हे सगळं हृदय बंद पडून वाचलेल्या माणसांच्या घरातून वारंवार ऐकू येतं. अशा माणसांपैकी साधारण निम्म्या जणांची स्मरणशक्ती, लक्ष किंवा विचारांचा वेग कमी झालेला चाचणीत दिसतो. बहुतेकांचा त्रास सौम्य ते मध्यम असतो. चालणं-बोलणं व्यवस्थित असतं, म्हणूनच तो बाहेरच्यांना दिसत नाही आणि घरच्यांना मात्र दिवसभर दिसतो.

आणि नातेवाइकांच्या बोलण्याने तुम्हाला अपराधी वाटत असेल, तर तसं वाटून घेऊ नका. तो जीव वाचवण्यात तुमचे हात होते. त्याच माणसाची पुढची काळजी तुम्ही करताय, त्याला कृतघ्नपणा म्हणत नाहीत.

बाकीचं सांगण्याआधी दोन गोष्टी, ज्या याच आठवड्यात करायच्या.

पहिली, गोळ्या. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ करण्याची गोळी चुकवणं धोक्याचं आणि दोनदा घेणंही धोक्याचं. तेव्हा ही जबाबदारी त्यांच्या आठवणीवर ठेवूच नका. आठवड्याचे वार आणि सकाळ-रात्र असे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा आणा, आठवड्याच्या गोळ्या एकदाच भरा आणि उरलेली पाकिटं त्यांच्या हाताशी ठेवू नका. कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतली, भरलेला असेल तर राहिली. आठवायची वेळच येत नाही. फोनवर अलार्म लावा आणि नियम एकच ठेवा: गोळी गिळल्यावरच अलार्म बंद करायचा. आधी अलार्म बंद करून मग गोळी घ्यायला उठलं की मध्ये कोणीतरी हाक मारतं, आणि गोळी तिथेच राहते. पुन्हा कधी दोनदा घेतली गेली, तर मनाने पुढची गोळी गाळू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. कुठून रक्त येऊ लागलं, शौचाला काळं झालं किंवा चक्कर आली तर फोनवर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मागच्या आठवड्यात जे झालं तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसरी, गाडी. हृदयाच्या दृष्टीने गाडी कधी चालवायची हे कार्डिओलॉजिस्ट सांगतील आणि त्याचे नियमही जागोजागी वेगळे असतात. पण यांच्या बाबतीत लक्ष आणि प्रतिसादाचा वेग तपासल्याशिवाय किल्ली हातात नको. ‘तुम्हाला जमणार नाही’ असं म्हणू नका, त्याने भांडण होईल. ‘तपासणी होईपर्यंत थांबू’ म्हणा. त्यात त्यांचा अपमान नाही आणि ते खरंही आहे.

आता हे होतं कशाने ते सांगते, कारण ते एकदा समजलं की रागाची धार बरीच कमी होते, तुमचीही आणि त्यांचीही.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो, आणि स्वतःजवळ साठा म्हणाल तर काहीच ठेवत नाही. हृदय थांबलं की १०-१५ सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा व्हायला लागते. तुम्ही छाती दाबत होतात तेव्हा थोडं का होईना, रक्त मेंदूपर्यंत जात होतं. ते नेहमीच्या पुरवठ्यापेक्षा खूपच कमी असतं, तरी त्या ‘थोड्या’वरच आज ते घरात वावरतायत. (तुम्हाला ऐकू आलेली घरघर म्हणजे श्वास नव्हता. हृदय बंद पडल्यावर काही वेळ तसे आचके येतात, आणि कित्येक जण ते घोरणं समजून कूस बदलतात. तुम्ही उठलात.)

ऑक्सिजन तुटला की मेंदूचे सगळे भाग सारखा मार खात नाहीत. हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे, नव्या गोष्टी आठवणीत पक्क्या करण्याचं काम त्याच्याकडे असतं. तिथल्या काही पेशी फार नाजूक असतात. त्या जागच्या जागी मरत नाहीत, रक्तपुरवठा परत सुरू झाल्यानंतर दोन-चार दिवसांत हळूहळू दगावतात. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग ते बारकाव्यांसह सांगतात आणि सकाळचं बोलणं मात्र उरत नाही. लोकांना हीच गोष्ट खटकते: ‘जुनं सगळं बरं आठवतं!’ हो, आठवतं, कारण ते आधीच पक्कं झालेलं आहे. नवं पक्कं करण्यात अडचण आहे.

नात्यातलं कोणीतरी हेही म्हणेल की अमक्यालाही अटॅक आला होता, तो तर महिन्यात कामाला लागला. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची एखादी रक्तवाहिनी बंद होते, पण हृदय सहसा धडधडत असतं आणि मेंदूला रक्त मिळत राहतं. कार्डिॲक अरेस्टमध्ये पंपच थांबतो. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, बहुधा तुमच्याकडे तसंच झालं, पण दोन्हींची बरोबरी करता येत नाही. तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अरेस्टमधून वाचलेल्यांची तुलना अरेस्ट न होता मोठा अटॅक येऊन गेलेल्यांशी केली, तेव्हा दुसऱ्या गटातही स्मरणशक्तीच्या बऱ्याच अडचणी सापडल्या. ठळक फरक दिसला तो लक्ष आणि विचारांच्या वेगात. म्हणजे रक्तदाब, साखर, रक्तवाहिन्यांचं दुखणं यांचाही मेंदूवर भार असतो. म्हणून या गोष्टी ताब्यात ठेवणं हा मेंदूचाही उपचार आहे.

मग हे तुम्हाला डिस्चार्जच्या वेळी कोणी का सांगितलं नाही? त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष हृदयाकडे असतं, ते स्वाभाविक आहे. पेशंटच्या अंगात झोपेच्या औषधांचा अंमल असतो, आयसीयूतला गोंधळलेपणा असतो, त्यामुळे तेव्हा केलेली तपासणी फारशी बोलकी नसतेही. शिवाय ‘मेंदूच्या दृष्टीने निकाल चांगला’ हे ज्या नेहमीच्या मोजपट्टीवर ठरतं, तिला पाचच पायऱ्या आहेत आणि पाचवी म्हणजे मृत्यू. जो माणूस उठतो, बोलतो, स्वतःचं स्वतः करतो, तो त्यात पहिल्या-दुसऱ्या पायरीवर बसतो. हिशेबाचा तक्ता त्याला पूर्वीसारखा जमतो का, हे ती मोजपट्टी विचारतच नाही. आणि ओपीडीतल्या पाच-सात मिनिटांत तुमचे मिस्टर अगदी छान बोलत असणार. ‘कसं वाटतंय?’ ‘एकदम मस्त.’ झालं.

ही पोकळी आता वैद्यकशास्त्राने मान्य केली आहे. युरोपियन रिससिटेशन कौन्सिल, म्हणजे हृदय बंद पडलेल्यांवरच्या उपचारांच्या पद्धती ठरवणारी युरोपातली संस्था, तिच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की अरेस्टमधून वाचलेल्या प्रत्येकाला डिस्चार्जनंतर तीन महिन्यांच्या आत फॉलो-अप मिळावा, त्यात स्मरणशक्ती-लक्ष यांची तपासणी व्हावी, मनःस्थिती आणि थकवा यांची विचारपूस व्हावी, आणि पेशंटबरोबर घरच्यांनाही माहिती आणि आधार मिळावा. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२० मध्ये जीव वाचवण्याच्या टप्प्यांच्या साखळीत सहावी कडी जोडली, ती ‘रिकव्हरी’ची, म्हणजे नंतर सावरण्याची. तेव्हा तुम्ही मागणार आहात ते काही जगावेगळं नाही. ते व्हायलाच हवं होतं. झालं नाही, तर आता मागून घ्यायचं.

मागायचं कसं? पुढच्या भेटीआधी एका कागदावर चार-पाच प्रसंग लिहून ठेवा, तारखेसह. ‘विसराळू झालेत’ असं मोघम नको. ‘अमुक दिवशी गोळी दोनदा घेतली, तमुक दिवशी गॅस चालू राहिला, तक्त्याला पूर्वी अर्धा तास लागायचा, आता तीन तास लागतात’ असं. आणि डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘अरेस्टनंतरची बोधात्मक तपासणी, कॉग्निटिव्ह स्क्रीनिंग, यांचं झालेलं नाही. ते कुठे होईल?’ नेमकं नाव घेऊन मागितलं की टाळलं जाण्याची शक्यता कमी होते. न्यूरोलॉजिस्ट, न्यूरोसायकॉलॉजिस्ट (स्मरणशक्ती-विचारांच्या चाचण्या घेणारे मानसशास्त्रज्ञ), ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारे) किंवा प्रशिक्षित नर्स, यांपैकी कोणीही ही पहिली चाळणी करू शकतं.

बहुतेक ठिकाणी ‘मोका’ नावाची चाचणी वापरतात. साधारण दहा मिनिटांची, ३० गुणांची. ते घाबरतील म्हणून त्यात काय असतं ते सांगते. एक आकडा, एक अक्षर, पुन्हा आकडा, पुन्हा अक्षर अशा क्रमाने ठिपके जोडायचे. घड्याळ काढून सांगितलेली वेळ दाखवायची. प्राण्यांची चित्रं ओळखायची. १०० मधून सात वजा करायचे, उरलेल्यातून परत सात. मध्येच पाच शब्द ऐकवतात आणि आणखी काही कामं करून झाल्यावर विचारतात, ते शब्द कोणते होते? तुमच्या मिस्टरांची अडचण बहुधा इथे दिसेल. काही जणांना शब्द आपले आपण आठवत नाहीत, पण ‘एक फूल होतं’ असा धागा दिला की चटकन आठवतात. काहींना धागा देऊनही आठवत नाहीत. हा फरक चाचणी घेणाऱ्याला पुष्कळ काही सांगतो: शब्द आत साठलेच नाहीत, की साठलेत पण हाताला लागत नाहीत. घरी काय उपाय चालेल ते यावर ठरतं.

२६ आणि त्यावरचे गुण सर्वसाधारण धरतात, शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. चाचणी त्यांना सगळ्यात सोयीच्या भाषेत घ्यायला सांगा. चष्मा, कानाचं यंत्र असेल तर बरोबर न्या. वेळ सकाळची घ्या, रात्रीची झोप झालेली असू द्या. दमलेल्या माणसाची चाचणी दमणूकच मोजते.

आणि गुण चांगले आले म्हणून विषय संपला असं कोणी म्हणालं, तर तिथे थांबू नका. आकड्यांत हुशार असलेला माणूस २७-२८ गुण सहज मिळवतो आणि तरीही त्याला ऑफिसचं काम झेपत नाही. अशा वेळी वेगाची चाचणी उपयोगी पडते: कागदावर वरती प्रत्येक चिन्हाला एक आकडा दिलेला असतो, खाली नुसती चिन्हांची रांग, आणि ९० सेकंदांत जास्तीत जास्त आकडे भरायचे. अरेस्टनंतरचा मंदपणा त्यात चांगला पकडला जातो. गरज पडली तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे सविस्तर चाचण्या होतात, काही तासांच्या. त्यांना झेपत नसेल तर दोन बैठकींत करून मागा. एमआरआय आधी झाला असेल आणि ‘नॉर्मल’ असेल, तर त्यावरून ‘काहीच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. पेशींच्या पातळीवरची बारीक इजा चित्रात दिसेलच असं नाही.

तपासणीत तुमचंही म्हणणं घेतलं जावं. घरच्या माणसाला विचारण्याच्या वेगळ्या प्रश्नावल्या यासाठीच आहेत. स्वतःतला बदल स्वतःला न दिसणं हा मेंदूच्या इजेचाच भाग असू शकतो, त्यामुळे ‘मला काहीही झालेलं नाही’ हे त्यांचं बोलणं खोटेपणाचं किंवा हट्टाचं नाही. त्यांना खरंच तसं वाटतं. तुमच्याशी वेगळं बोलायला डॉक्टरांकडे पाच मिनिटं मागा, म्हणजे त्यांच्यासमोर त्यांच्या चुका वाचून दाखवायची पाळी येणार नाही.

तुम्ही विचारलंत, ‘मनावर घेतलंय म्हणून?’ तेही असू शकतं, या गोष्टी एकत्र नांदतात. अरेस्टनंतर चिंता आणि नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्यानेही लक्ष लागत नाही, विसरायला होतं, चिडचिड होते. म्हणून त्याच भेटीत मनःस्थितीची प्रश्नावलीही भरून घ्यावी. झोप विचारावी. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर त्याची तपासणी व्हावी. थायरॉइड आणि बी-१२ बघावं, चालू औषधांत सुस्ती आणणारं काही आहे का तेही बघून घ्यावं. यांतलं काही सापडलं तर त्यावर उपचार आहेत, आणि ते सुधारलं की मेंदूवरचा बराच भार उतरतो.

उशीर झाला का? नाही. आपसूक होणारी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असते हे खरं. त्यानंतर वेग कमी होतो, पण वर्षभरापर्यंत काही ना काही सुधारणा दिसत राहू शकते. आणि उरलेल्या उणिवेसोबत नीट जगायला शिकवणारे उपाय कधीही सुरू केले तरी चालतात. नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, प्रशिक्षित नर्सने पेशंट आणि घरच्यांना लवकर भेटून तपासणी केली, माहिती दिली, गरज असेल तिथे पुढे पाठवलं. मोजक्याच भेटी. वर्षानंतर त्या पेशंटांचं जगणं जास्त चांगलं होतं आणि चिंता कमी होती. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. वेळेवर कोणीतरी नीट विचारलं, इतकंच.

पुनर्वसन म्हटलं की लोक मोबाइलवरचे मेंदूचे खेळ उघडतात. माझं मत स्पष्ट आहे: आवडत असतील तर खेळू द्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. त्या खेळात माणूस पटाईत होतो, गोळी आठवणं मात्र त्याने सुधारत नाही. फायदा होतो तो रोजच्या खऱ्या कामांवर मेहनत घेतल्याने आणि आठवणीचं ओझं डोक्याबाहेर ठेवल्याने.

डोक्याबाहेर म्हणजे एकच वही. चार ठिकाणी चिठ्ठ्या नकोत. किंवा फोनमधलं एकच कॅलेंडर. रोज सकाळी ठरलेल्या वेळी ती उघडायची, रात्री झोपण्याआधी उद्याचं लिहायचं. आठवडाभर तुम्ही शेजारी बसा, मग हळूहळू बाजूला व्हा. कोणाचा फोन आला तर बोलतानाच दोन ओळी टिपायच्या. ‘लिहून ठेवलं तर डोकं आणखी आळशी होईल’ असं ते म्हणतील, सगळेच म्हणतात. पाय मोडलेला माणूस काठी घेऊन चालायला लागतो, म्हणून पाय आळशी होत नाही. चालत राहिल्यानेच तो बरा होतो. चष्मा, किल्ल्या, फोन यांची जागा एक ठरवून टाका आणि घरातल्या कोणीही ती बदलू नका.

नवं काही शिकवायचं असेल, समजा बँकेच्या ॲपची नवी पद्धत, तर ‘आठवून बघा, काय असेल?’ असं विचारू नका. कमकुवत आठवणीत चुकीचा अंदाजही पक्का बसतो आणि पुढच्या वेळी तोच वर येतो. त्याऐवजी योग्य पायरी आधी दाखवा, मग त्यांना लगेच करू द्या. पुन्हा पाच मिनिटांनी, पुन्हा अर्ध्या तासाने, पुन्हा दुसऱ्या दिवशी. चूक व्हायला जागाच ठेवायची नाही आणि अंतर वाढवत न्यायचं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे फार चांगलं शिकवतात. आठवणीची परीक्षा घेणं, ‘आता सांगा बरं, मी काय म्हणाले होते?’ हे घरातून पूर्ण बंद करा.

थकव्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्याला सगळ्यात जास्त नावं ठेवली जातात. दुपारची त्यांची झोप आळसाची नाही. पूर्वी आपोआप होणारी कामं, बोलणं ऐकत ऐकत चालणं, दोन माणसांचं बोलणं वेगळं करणं, आता मेंदूला मुद्दाम करावी लागतात. चार माणसं एकदम बोलायला लागली की ते आत जातात ते यामुळेच. म्हणून डोक्याचं काम सकाळी, तेही अर्ध्या-पाऊण तासाचं, मग थांबायचं. थकल्यावर थांबणं उशिराचं असतं, थकण्याआधी थांबायचं. त्यांच्याशी महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा टीव्ही बंद करा, एका वेळी एकच गोष्ट सांगा. लोक यायचे असतील तर थोडे, थोडा वेळ. दुपारची झोप ठेवा, पण वेळ बांधून, नाहीतर रात्रीची बिघडते. आणि कार्डिॲक रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमात, व्यायाम ठरवून दिला असेल तर तो चुकवू नका. दम आणि मन, दोन्हींना त्याचा फायदा होतो. तिथल्या टीमलाही विसरण्याबद्दल सांगा, म्हणजे सूचना तोंडी न देता लिहून देतील.

चिडचिड झाली तर त्या क्षणी समजावत बसू नका. थकलेला, गोंधळलेला मेंदू युक्तिवाद ऐकत नाही. ‘अर्ध्या तासाने बोलू’ म्हणून बाजूला व्हा. मात्र रागाच्या भरात अंगावर येणं, जगण्याला अर्थ नाही असं बोलणं, यांतलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

कामाचं. पुढच्या महिन्यापासून पूर्ण वेळ, ही घाई मला पटत नाही. एकदा आपटून परत घरी बसावं लागलं तर त्यांचा स्वतःवरचा विश्वास जाईल, आणि तो परत मिळवणं स्मरणशक्ती मिळवण्यापेक्षा कठीण असतं. आधी तपासणी. मग तिचा अहवाल हातात घेऊन वरिष्ठांशी बोलणी: सुरुवातीला रोजचे दोन-तीन तास, शांत जागा, एका वेळी एक काम, सूचना लेखी, आणि पहिले काही महिने आकड्यांवर दुसऱ्या कोणाची नजर. दोन-तीन आठवड्यांनी बघून तास वाढवायचे. ते कबूल होत नसतील तर घरीच ऑफिससारखं करून बघा. सकाळी दहा ते एक, खरा तक्ता, खरी मुदत. तुम्ही काही बोलू नका, निकाल त्यांचा त्यांना दिसू द्या. स्वतःची अडचण माणसाला दुसऱ्याने सांगून फारशी पटत नाही, स्वतः अनुभवून पटते. तेवढं पटलं तरी अर्धं काम झालं.

तोपर्यंत घरातले पैशांचे मोठे व्यवहार, सह्या, गुंतवणुकीचे निर्णय दोघांनी मिळून करा. त्यांच्या हातून काढून घेऊ नका, सोबत बसा.

आता तुमच्याबद्दल. पत्राच्या शेवटी एका वाक्यात तुम्ही लिहिलंत की रात्री उठून श्वास बघता. पाच महिने तुमची झोप अशी तुटतेय. आपल्या माणसाला डोळ्यांदेखत जाताना पाहिलं आणि स्वतःच्या हातांनी परत आणलं, की तो प्रसंग शरीरात राहतो. घरघरीसारखा कुठलाही आवाज आला की काळजात धस्स होतं. तो प्रसंग पाहिलेल्या जोडीदारांचा मानसिक त्रास कधीकधी पेशंटपेक्षाही जास्त असतो, कारण पेशंटला त्या रात्रीचं काहीच आठवत नाही आणि तुम्हाला सगळं आठवतं. हा घाबरटपणा नाही. आघातानंतरच्या त्रासावर परिणामकारक मानसोपचार आहेत आणि पाच महिन्यांनंतरही तो ओसरत नसेल तर ते घ्यायलाच हवेत. कार्डिओलॉजिस्टना हेही थेट विचारा: परत असं होण्याची शक्यता किती, ती कमी करायला काय काय केलंय, यांना आयसीडी (छातीत बसवायचं, गरज पडली तर आपोआप शॉक देणारं यंत्र) लागणार आहे का. उत्तर काहीही असलं तरी रात्री कोणत्या गोष्टीची काळजी करायची आणि कोणती सोडायची हे त्यातून कळतं. घरात आणखी एका-दोघांना सीपीआर, म्हणजे तुम्ही केलंत तसं छाती दाबणं, शिकवून घ्या, म्हणजे पहारा तुमच्या एकटीवर राहणार नाही.

आणि स्वतःसाठी डॉक्टरांची वेगळी वेळ घ्या, तुमच्या नावाने. त्यांच्या तपासणीच्या शेवटच्या दोन मिनिटांत, दाराशी उभं राहून विचारायचा हा विषय नाही.